चिरुटाच्या बाकावरून
(सॅम्युअल गॉम्पर्स : एका कामगाराचे जीवन)

द्वितीय वर्ष, कला

अमेरिकेतील औद्योगिक क्रांतीचा अभ्यास करू लागलो की आपली पहिली ओळख होते ती आकड्यांशी. १८६० साली त्या देशात सुमारे ३० हजार मैल लोहमार्ग होते. १९०० साली ते १ लाख ९० हजार मैलांच्या पुढे गेले. त्यानंतर येतात पोलादाच्या भट्ट्या, तेलाच्या विहिरी आणि कार्नेगी, रॉकफेलर, मॉर्गन ही नावे. परीक्षेत टिपा लिहायला एवढी सामग्री पुरते. परंतु ते रूळ अंथरले कोणी, भट्टीसमोर बारा-बारा तास उभे कोण राहिले, आणि रात्री ती माणसे कसल्या खोलीत पाठ टेकत होती, हे प्रश्न आपण फारसे विचारीत नाही. मला ते पडले याला माझे घर कारण आहे. त्याचा उल्लेख पुढे येईलच. उत्तर शोधता शोधता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला एक माणूस भेटला. दहाव्या वर्षी शाळा सुटलेला, चिरूट वळून पोट भरणारा, आणि एका वर्षाचा अपवाद सोडता १८८६ पासून १९२४ पर्यंत अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचा अध्यक्ष राहिलेला. त्याचे नाव सॅम्युअल गॉम्पर्स. त्याच्या जीवनाची ओळख माझ्या सहाध्यायी मित्रमैत्रिणींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लंडन ते न्यूयॉर्क

सॅम्युअलचा जन्म २७ जानेवारी १८५० रोजी लंडनच्या पूर्व भागातील एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे हॉलंडमधले. वडील सॉलोमन चिरूट वळण्याचे काम करीत. शेजारच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशीम विणणाऱ्यांची वस्ती होती. यंत्रमाग आल्यावर हातमागावरचे ते कसबी विणकर कामाला मुकले. काम मागत रस्त्याने हिंडणारे हे विणकर सॅम्युअलने लहानपणी पाहिले आणि ते चित्र त्याच्या मनातून कधी पुसले गेले नाही. यंत्र आले की कसब कवडीमोलाचे होते, हा अर्थशास्त्राचा धडा त्याला असा घराबाहेरच मिळाला.

सहाव्या वर्षी तो ज्यू मुलांच्या मोफत शाळेत जाऊ लागला. हुशार होता, पण घरात खाणारी तोंडे वाढत होती. दहाव्या वर्षी शाळा सुटली. प्रथम काही आठवडे जोडे शिवणाऱ्याकडे आणि मग वडिलांबरोबर चिरुटाच्या धंद्यात तो उमेदवार म्हणून लागला. शिक्षणाची ओढ मात्र राहिली. काही काळ तो रात्रीच्या वर्गाला जात असे.

लंडनमधल्या चिरूट कामगारांच्या संघटनेने एक योजना काढली होती. ज्या सभासदाला अमेरिकेत जायचे असेल त्याला प्रवासखर्चाला मदत द्यायची, म्हणजे इथली बेकारी तेवढी कमी होईल. त्या मदतीवर १८६३ साली गॉम्पर्स कुटुंब निघाले. सुमारे सात आठवडे समुद्रात काढून जुलैच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला उतरले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये झालेली भीषण दंगल नुकतीच शमली होती. त्या दंगलीत गोऱ्या जमावाने अनेक कृष्णवर्णीयांचे बळी घेतले होते. जहाजावर कुटुंबाला मदत करणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाचा निरोप घेताना सॉलोमनने त्याचा हात हातात घेतला, तेव्हा भोवतालचा जमाव दोघांवर चवताळून आला, अशी आठवण गॉम्पर्सने आत्मचरित्रात नोंदविली आहे. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा वळायचे आहे.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना ह्यूस्टन स्ट्रीटवर खोल्या मिळाल्या. समोर कत्तलखाना होता. पहिले दीड वर्ष बाप-लेक घरीच बसून चिरूट वळीत. १८६४ साली चौदाव्या वर्षी सॅम्युअल चिरूट कामगारांच्या संघटनेचा सभासद झाला. सतरावे वर्ष पूर्ण होताच, जानेवारी १८६७ मध्ये, त्याने सोफिया ज्युलियन हिच्याशी लग्न केले. तीही चिरुटाच्या कारखान्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढण्याचे काम करीत असे. नवरा-बायको दोघेही आजच्या आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचे!

वाचणारा कामगार

चिरूट वळणे हे त्या काळी पूर्णपणे हाताचे काम होते. एक लाकडी पाट आणि एक धारदार पाते, एवढीच कामगाराची हत्यारे. आतल्या पानांची जुडी करायची, तिला एका पानाचे वेष्टण घालायचे, वरून नितळ पान तिरके गुंडाळीत आणायचे आणि टोक चिकटवायचे. हात एकदा सरावले की डोके मोकळे राहते. शिवाय यंत्राचा खडखडाट नसल्यामुळे बोललेले ऐकू येते. या दोन गोष्टींतून एक सुंदर प्रथा जन्माला आली. कारखान्यातील कामगार आपल्यातलाच एक जण वाचक म्हणून निवडीत. तो वर्तमानपत्रे, मासिके, पुस्तके मोठ्याने वाची आणि बाकीचे वळता वळता ऐकत. मजुरी नगावर असल्यामुळे वाचणाऱ्याचे नुकसान होई. ते भरून काढण्यासाठी प्रत्येक जण आपल्या चिरुटांतले काही त्याच्या वाट्याला घाली. गॉम्पर्स अनेकदा वाचक असे, कारण त्याचा आवाज चांगला होता.

१८७३ साली तो डेव्हिड हर्श यांच्या कारखान्यात कामाला लागला. तेथे जर्मनीहून आलेले, समाजवादी चळवळीत मुरलेले कामगार होते. त्यांच्यातला फर्डिनंड लॉरेल हा स्वीडनचा अनुभवी कामगार गॉम्पर्सचा गुरू झाला. मार्क्स वगैरे मूळातून वाचता यावे म्हणून गॉम्पर्स जर्मन शिकला. पण लॉरेलने त्याला सल्ला दिला तो असा की, सभा सगळ्यांच्या ऐक, पुस्तके सगळी वाच, मात्र संघटनेचे कार्ड हातचे सोडू नकोस. हा सल्ला गॉम्पर्सने आयुष्यभर पाळला. त्याच्या सामर्थ्याचे आणि माझ्या मते त्याच्या मर्यादेचेही मूळ येथेच आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेवर आर्थिक अरिष्ट कोसळले. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १३ जानेवारी १८७४ रोजी न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स चौकात बेकारांची सभा भरली. त्यांची मागणी होती सार्वजनिक कामे काढण्याची. सभेची परवानगी ऐन वेळी रद्द झाली होती, हे जमलेल्या बहुतेकांना माहीत नव्हते. घोडेस्वार पोलीस लाठ्या चालवीत गर्दीत घुसले. गॉम्पर्स त्या गर्दीत होता. एका तळघराच्या पायऱ्यांवर उडी टाकल्यामुळे तो बचावला. मोठमोठ्या घोषणांची किंमत अखेर रस्त्यावरच्या साध्या माणसाला चुकवावी लागते, असा निष्कर्ष त्याने त्या दिवशी काढला.

घर की कारखाना?

आता मी या लेखाच्या मध्यवर्ती विषयाकडे येते. १८७० च्या सुमारास चिरुटाच्या धंद्यात लाकडी साचा आला. जुडी साच्यात दाबली की तिला आपोआप आकार येई. त्यामुळे वर्षानुवर्षे उमेदवारी केलेल्या कसबी माणसाची गरज उरली नाही. मालकांनी बहुमजली इमारती विकत किंवा भाड्याने घेतल्या आणि त्यांतल्या खोल्या युरोपातून, विशेषतः बोहेमियातून, नुकत्याच आलेल्या कुटुंबांना दिल्या. मालक तोच आणि घरमालकही तोच. तळमजल्यावरून तंबाखू उचलायचा, वर खोलीत नेऊन घरातल्या सगळ्यांनी मिळून चिरूट वळायचे आणि तयार माल परत द्यायचा. भाडे मजुरीतून कापले जाई. लहान मुले पानांच्या शिरा काढीत. ज्या खोलीत चूल तिथेच ओला तंबाखू पसरलेला, आणि तिथेच पाळणा. काम संपण्याची वेळ अशी नव्हतीच, कारण घरी जायचे कुठे? कामगार घरीच तर होता.

१८७७ च्या शरद ऋतूत या चाळींतल्या कुटुंबांनी आपण होऊन संप पुकारला. इतका मोठा संप संघटनेला झेपेल का, याची गॉम्पर्स आणि त्याचा सहकारी अॅडॉल्फ स्ट्रॅसर यांना शंका होती. पण लोक उठल्यावर ते त्यांच्यामागे उभे राहिले. हजारो कामगार तीन महिन्यांहून अधिक काळ संपावर होते. घरमालक आणि कारखानदार एकच असल्याचा परिणाम आता दिसला. ऐन हिवाळ्यात संपवाल्या कुटुंबांचे सामान रस्त्यावर आले. संप फसला. गॉम्पर्सचे नाव काळ्या यादीत गेले आणि त्याला कोणी कामावर घेईना. घरातली एकेक वस्तू गहाण पडली. सोफियाने ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना ज्यांच्या आईने कधी गळ्यातले गहाण ठेवले आहे त्यांना सहज येईल.

येथे मला माझे थोडे सांगणे भाग आहे. माझी आई विड्या वळते. सिन्नर, संगमनेर, सोलापूर या बाजूच्या वाचकांना हे काम नवे नाही. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पत्र्याच्या मापाने कातरलेली पाने आणि दोरा. आई दिवसाला आठशे ते हजार विड्या वळते. कधी पाने खराब येतात आणि कमी भरतात, कधी ठेकेदाराचा माणूस मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. त्या छाटीचे पैसे मिळत नाहीत. मी स्वतः शाळेत असल्यापासून पाने कातरीत आले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. संध्याकाळी गल्लीतल्या चार-पाच बायका आमच्या ओट्यावर सुपे घेऊन बसतात आणि मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. वाचकाच्या वाट्याला चिरूट घालण्याची न्यूयॉर्कची प्रथा मी त्यांना सांगितली, तेव्हा एका काकूंनी हसत हसत चार विड्या आईच्या सुपात टाकल्या. त्यामुळे गॉम्पर्सने पाहिलेल्या त्या चाळींचे वर्णन मी केवळ परक्या देशाचा इतिहास म्हणून वाचू शकले नाही.

संपानंतर गॉम्पर्सने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, स्ट्रॅसरबरोबर त्याने संघटनेची घडी नव्याने बसविली. वर्गणी वाढविली, पण तिच्यातून आजारपणात मदत, मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम, कामाच्या शोधात दुसऱ्या गावी जाणाऱ्याला उसने पैसे, अशा सोयी केल्या. संप बुडाला तरी माणसाने संघटना सोडू नये, ही त्यामागची दृष्टी होती. दुसरी गोष्ट म्हणजे, चाळींतले चिरूटकाम कायद्याने बंद करण्याची मोहीम त्याने हाती घेतली. चाळींत शिरायला मिळावे म्हणून तो पुस्तके विकणारा झाला आणि डिकन्सच्या कादंबऱ्यांचा संच काखेत घेऊन जिने चढला. दिवसभर पाहिलेले तो टिपून ठेवी. हे वृत्तांत न्यूयॉर्कच्या एका जर्मन कामगार दैनिकातून प्रसिद्ध झाले.

विधेयक न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात आले. तेथे एक श्रीमंत घरचा तरुण सभासद होता, थिओडोर रूझवेल्ट. सरकारने अशा धंद्यात हात घालू नये अशीच त्याची समजूत होती. तो प्रत्यक्ष त्या चाळी पाहून आला आणि त्याचे मत बदलले. १८८३ साली गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड याच्या सहीने कायदा झाला. तांत्रिक दोष काढून तो रद्द ठरविण्यात आला. १८८४ साली दुरुस्त करून पुन्हा मंजूर करण्यात आला. जानेवारी १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने जेकब्ज नावाच्या चिरूट कामगाराच्या खटल्यात तोही घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाच्या मते, कामगाराला त्याच्या घरच्या मंगल वातावरणातून ओढून काढल्याने त्याचे आरोग्य किंवा नीती कशी सुधारणार हे समजण्यासारखे नव्हते. उलट स्वतःच्या घरात हवा तो धंदा करण्याच्या त्याच्या स्वातंत्र्यावरच हा घाला होता. पुढे कित्येक वर्षे कामगारांच्या हिताचे कायदे पाडण्यासाठी अशाच युक्तिवादाचा आधार घेतला गेला.

हा निकाल वाचून मला संताप आला. ज्या घराची किल्लीच मालकाच्या हाती आहे तिथे कसले स्वातंत्र्य? पण दुसऱ्या बाजूने विचार केला, तेव्हा मी अडखळले. उद्या कोणी कायदा केला की घरी विडी वळणे आजपासून बंद, तर आमच्या गल्लीतल्या किती चुली दुसऱ्या दिवशी पेटतील? लहान मूल, म्हातारी सासू आणि दोन म्हशी सोडून कारखान्यात जाणे सर्वांना शक्य नसते. गॉम्पर्सच्या कायद्याने चाळींतले वाईट काम गेले असते. पण त्या कामावर जगणाऱ्या बोहेमियन बाईने उद्यापासून काय करायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. आपल्या देशात १९६६ साली विडी आणि चिरूट कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात घरी बसून काम करणाऱ्यालाही कामगार म्हणून मान्यता दिली होती. घरकाम बंद करण्याऐवजी घरच्या कामगाराला हक्क देण्याची ही वाट मला अधिक योग्य वाटते. कायदा कागदावरून आमच्या ओट्यापर्यंत किती पोचला, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

आठ तासांचा दिवस

न्यायालयात हार झाल्यावर गॉम्पर्सने धडा घेतला तो असा की, सरकारकडून मिळालेले न्यायालय काढून घेऊ शकते. संघटनेच्या बळावर मालकाकडून मिळविलेले तेवढे आपले. अशा बळासाठी वेगवेगळ्या धंद्यांच्या संघटना एकत्र यायला हव्या होत्या. १८८१ साली पिट्सबर्ग येथे असा एक महासंघ निघाला होता. १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा धरायचा, असा ठराव त्याने १८८४ साली शिकागोत केला. ठरल्या दिवशी देशभर लाखो कामगार बाहेर पडले. चिरूट कामगारांना आठ तास मिळालेही. पण ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात सभा संपत आली असता बॉम्ब पडला. पोलीस आणि नागरिक मिळून अनेक जण मेले. बॉम्ब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही; तरी आठ जणांना दोषी ठरविण्यात आले आणि त्यांपैकी चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. त्यांचा अराज्यवाद गॉम्पर्सला मुळीच मान्य नव्हता. तरीही त्यांचे प्राण वाचावेत म्हणून तो इलिनॉयच्या गव्हर्नरकडे विनंती करायला गेला.

डिसेंबर १८८६ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या महासंघाची स्थापना झाली आणि गॉम्पर्स अध्यक्ष झाला. वार्षिक पगार एक हजार डॉलर. कचेरी म्हणजे चिरूट कामगारांच्या शाखेने दिलेली एक चिंचोळी खोली. टेबल स्वयंपाकघरातले, बसायला खोकी, कागद ठेवायलाही खोकीच, आणि कचेरीचा पोऱ्या म्हणजे गॉम्पर्सचाच मुलगा हेन्री. याच महासंघाने १८८८ साली ठरविले की १ मे १८९० रोजी आठ तासांसाठी पुन्हा उठायचे. १८८९ साली पॅरिसला जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली तेव्हा तिने हीच तारीख स्वीकारली. आपल्याकडे महाराष्ट्र दिन म्हणून सुट्टी असते तो १ मे कामगार दिन कसा झाला, त्याची हकीकत ही अशी आहे.

ज्यांना दारात घेतले नाही

गॉम्पर्सची पद्धत हिशेबी होती. एकेका धंद्यातील कसबी कामगारांची वेगळी संघटना, भक्कम वर्गणी, शिल्लक पाहून संप, आणि मजुरी, तास, कामाची जागा एवढ्यापुरत्याच मागण्या. या पद्धतीने संघटना टिकल्या. पूर्वीचे महासंघ मंदीच्या लाटेत वाहून गेले होते; १८९३ च्या मंदीत हा वाहून गेला नाही.

पण ही पद्धत जिथे लुळी पडली त्या जागाही पाहायला हव्यात. १८९२ साली कार्नेगीच्या होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात टाळेबंदी झाली. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये होता. कारभार हेन्री फ्रिक पाहत होता. ६ जुलै रोजी फ्रिकने मागविलेले पिंकर्टन कंपनीचे सुमारे तीनशे सशस्त्र पहारेकरी नदीतून आले आणि कामगारांशी त्यांची दिवसभर लढाई झाली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. नंतर राज्याचे सैन्य आले आणि संघटना मोडली. पोलाद कारखान्यांतला बारा तासांचा दिवस त्यानंतर तीस वर्षे टिकला. पुढे कार्नेगीने होमस्टेडच्या कामगारांना ग्रंथालय बांधून दिले. बारा तास भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने ते केव्हा वाचायचे, हे त्याने सांगितले नाही. चिरूट कामगार कामावरच वाचीत होते. भट्टीवर ती सोय नव्हती.

१८९४ साली पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्याच घरांचे भाडे कमी केले नाही. चाळींतली तीच युक्ती येथे एका अख्ख्या गावाला लागू झाली. युजीन डेब्जच्या रेल्वे संघटनेने देशातली रेल्वे थांबविली, तेव्हा केंद्र सरकारने सैन्य पाठविले. सर्व धंद्यांनी एकदम संप करावा अशी मागणी घेऊन लोक गॉम्पर्सकडे आले. १२ जुलैला शिकागोत बैठक झाली आणि महासंघाने नकार दिला. हरलेल्या लढाईत सगळ्या संघटना होमायच्या नाहीत, हे त्याचे म्हणणे समजू शकते. १८७७ ची थंडी तो विसरला नव्हता. डेब्ज तुरुंगात गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस गॉम्पर्सची अध्यक्षपदाची निवडणूक हुकली. १८९५ मध्ये तो पुन्हा निवडून आला.

यापुढचे लिहिणे मला अवघड वाटते. चिनी मजुरांना अमेरिकेत येऊ देऊ नये, या मताचा गॉम्पर्स खंदा पुरस्कर्ता होता. १८८२ साली चिनी मजुरांच्या प्रवेशबंदीचा कायदा झाला आणि तो कायम राहावा म्हणून गॉम्पर्सच्या महासंघाने विषारी भाषेतली पुस्तिका काढली. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत महासंघाने सुरुवातीला भेद मानणाऱ्या संघटनांना प्रवेश नाकारला होता. परंतु १८९५ पासून ही अट ढिली होत गेली. घटनेत रंगाचा शब्द लिहू नका म्हणजे झाले, प्रत्यक्षात काय करता ते आम्ही पाहत नाही, अशी ही सोय होती. १९०० साली कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाखांनाही मान्यता मिळाली. ज्या मुलाच्या बापाने बंदरावर जमावासमोर एका कृष्णवर्णीयाचा हात हातात घेतला होता, त्या मुलाने मोठेपणी हे होऊ दिले. स्वतः परदेशातून, दुसऱ्यांच्या मदतीच्या पैशावर आलेल्या माणसाने मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेतले. स्वस्त मजूर आला की आपली मजुरी पडते, हा हिशेब त्याने केला. पण तो मजूर स्वस्त का आहे, आणि त्याला संघटनेत घेतले तर तो स्वस्त राहील का, हा पुढचा हिशेब त्याने केला नाही. न्यूयॉर्कमध्ये तरुणपणी चाळींतल्या बोहेमियन कामगारांना संघटनेत घ्या म्हणून भांडणारा तोच होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची ही बाजू अधिकच टोचते.

मुंबईशी धागा

१९१९ साली पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला तहाच्या वाटाघाटी चालू असता कामगारविषयक कायद्यांचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमण्यात आला. गॉम्पर्स त्याचा अध्यक्ष होता. त्या आयोगाच्या कामातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली. तिची पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला भरली. भारतातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्या परिषदेला गेले ते आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे ना. म. जोशी. मुंबईच्या कामगार वस्तीत वाचनालये आणि रात्रीच्या शाळा चालविणाऱ्या सोशल सर्व्हिस लीगची स्थापना त्यांनी १९११ साली केली होती. पुढील वर्षी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. अशा परिषदांना कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा तर कामगारांची अखिल भारतीय संस्था हवी, हे तिच्या स्थापनेचे एक कारण होते. १९२२ साली आपल्याकडच्या कारखाना कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. आठ तासांचा न्याय वॉशिंग्टनमध्ये इतरांसाठी ठरला, भारतासाठी मात्र साठ तास पुरेसे मानले गेले. येथेही दार अर्धेच उघडले होते.

अखेर

१९२० च्या सुमारास महासंघाची सभासदसंख्या चाळीस लाखांवर पोचली होती. गॉम्पर्स थकला होता, दृष्टी अधू झाली होती. डिसेंबर १९२४ मध्ये मेक्सिको शहरात अमेरिका खंडातील कामगार संघटनांच्या परिषदेसाठी गेला असता तो कोसळला. अमेरिकेच्या भूमीवर मरण यावे अशी त्याची इच्छा होती. त्याला आगगाडीने घाईघाईने सरहद्दीपलीकडे आणले आणि १३ डिसेंबर १९२४ रोजी टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे त्याने प्राण सोडला. त्याचे आत्मचरित्र दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले.

न्यूयॉर्क राज्यात स्लीपी हॉलो नावाची दफनभूमी आहे. तेथे गॉम्पर्सला पुरले. तिथून थोड्याच पावलांवर अँड्र्यू कार्नेगीचे थडगे आहे. एकाने पोलाद आणि ग्रंथालये मागे ठेवली, दुसऱ्याने आठ तासांचा दिवस आणि आजारपणाची मदत. आपल्या पाठ्यपुस्तकात पहिल्याचे नाव हमखास सापडते. दुसऱ्याचे नाव सापडावे असे मला वाटते, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नये, असेही वाटते. त्याने एका खोलीतून लाखो माणसांची संघटना उभी केली हे खरे, आणि त्या संघटनेच्या दाराबाहेर त्याने आणखी लाखो माणसे उभी ठेवली हेही तितकेच खरे. त्याच्याविषयी ओट्यावरच्या बायकांना मी बरेच वाचून दाखविले. त्यांपैकी एकीने विचारले की घरी वळणाऱ्या बायकांना त्याच्या संघटनेचे कार्ड मिळत होते का. त्याच्या चिरूट संघटनेत मिळण्याची सोय होती, पुढच्या महासंघात बहुतेक धंद्यांत नव्हती, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या की मग आपल्या कार्डाचे आपणच बघायला हवे.